नाईल क्रूझ, लक्सर ते आस्वान : जहाजाच्या वेळापत्रकात देवळं नीट कशी पाहायची?

काठावरचा

इजिप्तच्या ग्रुप टूरबद्दल विचारणा झाली की चर्चा पिरॅमिड, हॉटेल आणि जेवण एवढ्यावरच संपते. क्रूझवरच्या चार दिवसांत सहा-सात देवळं येतात, आणि पाचव्या दिवशी सगळी डोक्यात एकच होऊन जातात. दोष देवळांचा नाही. वेळ कुठे जातो हे आधी माहीत नसतं आणि प्रत्येक ठिकाणी नेमकं काय बघायचं ते ठरवलेलं नसतं. हा धागा त्याच्यासाठी. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर दुरुस्त करावं.

आधी नकाशा डोक्यात बसवू. नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, म्हणून लक्सरहून आस्वानला जाणं म्हणजे प्रवाहाविरुद्ध. लक्सरपासून एस्ना साधारण ५५ किमी, एडफू ११० च्या आत-बाहेर, कोम ओम्बो १६५ आणि आस्वान २१५. मोठी जहाजं एवढ्याच टप्प्यात फिरतात. आस्वानच्या पुढे धरण आडवं येतं, त्यामुळे हे जहाज आणखी दक्षिणेला असलेल्या अबू सिम्बेलला, म्हणजे रामसेस दुसरा याच्या देवळांकडे, जात नाही. धरणामागच्या नासर सरोवरात चालणारी जहाजं वेगळी आणि त्यांचं बुकिंगही वेगळं.

लक्सरहून निघणारी फेरी बहुधा ४ रात्रींची, आस्वानहून निघणारी ३ रात्रींची असते. ३ रात्रींच्या फेरीत कार्नाक, लक्सरचं देऊळ, राजांची दरी (राजांच्या थडग्यांची जागा) आणि राणी हातशेपसुतचं देऊळ हे सगळं शेवटच्या एक-दीड दिवसात कोंबलं जातं. दोन्हींतून निवडता येत असेल तर एक रात्र जास्तीची घ्या. ती रात्र जहाजासाठी नाही, लक्सरसाठी आहे.

आता एडफूचा हिशोब मांडतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. कार्यक्रमात लिहिलेलं असतं, 'एडफू मंदिर दर्शन, २ तास'. धक्क्यावर उतरून टांगे ठरेपर्यंत आणि देवळाच्या दाराशी पोचेपर्यंत २०-२५ मिनिटं. सुरक्षा तपासणी आणि दुकानांची गल्ली पार करायला १०. परतीचे २०-२५. उरला तास. त्यात गाईड पहिल्या पटांगणात उन्हात उभं करून २० मिनिटं बोलणार. हातात राहिली ४० मिनिटं, आणि त्यातली दहा काळ्या ग्रॅनाइटच्या ससाण्याच्या पुतळ्याबरोबर (देऊळ ससाणारूपी होरस देवाचं आहे) फोटो काढायच्या रांगेत जातात.

उपाय सोपा आहे. गाईडचं बोलणं आदल्या संध्याकाळी जहाजाच्या लाउंजमध्ये करून घ्यायचं. वीस जणांच्या ग्रुपने टूर लीडरला एकत्र सांगितलं तर सहसा नकार येत नाही. देवळात शिरल्यावर ससाण्यापाशी न थांबता थेट गाभाऱ्यात जायचं आणि फोटो परतताना काढायचा. सगळी जहाजं एकाच वेळी लागतात, त्यामुळे पहिली दहा मिनिटं गाभारा रिकामा असतो, नंतर आत उभं राहायला जागा मिळत नाही.

दगडफूल

चांगला धागा. काठावरचा यांच्या एडफूच्या हिशोबाला पूर्ण अनुमोदन. देवळाच्या बांधणीबद्दल लिहिते, कारण ती एकदा कळली की सहाही देवळं आपोआप वेगळी दिसायला लागतात.

आपल्याला हे समजायला सोपं जातं. महाद्वार, पटांगण, सभामंडप, अंतराळ, गर्भगृह हा क्रम आपल्या पायाला माहीत आहे. इजिप्तमध्येही तसाच आहे. दोन बाजूंना निमुळते होत जाणारे उंच बुरूज आणि मध्ये दरवाजा, त्याला पायलॉन म्हणतात. मग उघडं पटांगण, मग खांबांचा मंडप, मग लहान दालनं आणि शेवटी गाभारा. आत जाल तशी जमीन थोडी थोडी चढत जाते, छत खाली येतं, उजेड कमी होतो. एडफूला हे सगळ्यात स्वच्छ कळतं, कारण तिथलं छत शाबूत आहे. कार्नाकला छत गेलेलं आहे, त्यामुळे तिथे उंची कळते पण अंधार कळत नाही.

भिंतीवरच्या चित्रांचा एक नियम लक्षात ठेवा. देव आतून बाहेर बघतात, राजा बाहेरून आत येत असतो. म्हणजे वाट चुकलात तरी कुठल्याही भिंतीवर देवाची पाठ ज्या दिशेला, तिकडे गाभारा.

दुसरं म्हणजे कोरण्याच्या दोन तऱ्हा. एकात आकृती भिंतीच्या वर उठून येते, तो उठाव. दुसऱ्यात आकृतीची कड दगडात खोल कापलेली असते आणि आकृती भिंतीच्या पातळीखाली राहते, ते खोदीव काम. बाहेरच्या भिंतींवर बहुतेक खोदीव काम असतं, कारण कडक उन्हात कडेची सावली पडते आणि चित्र लांबूनही वाचता येतं. आतल्या मंद उजेडात उठाव खुलतो.

हे दोन्ही एकाच जागी बघायचं असेल तर कार्नाकचा मोठा मंडप. १३४ खांब. मधले १२ सुमारे २१ मीटर उंच, त्यांचे माथे उमललेल्या पपायरसचे (नदीकाठचं लव्हाळं). बाजूचे १२२ बुटके, त्यांचे माथे मिटलेल्या कळीचे. पहिल्या पायलॉनमधून सरळ आत आलात की डावीकडचा, म्हणजे उत्तरेचा अर्धा भाग सेती पहिला याच्या काळात कोरला गेला, तिथे नाजूक उठाव आहे. उजवीकडचा भाग त्याच्या मुलाने, रामसेस दुसरा याने पुरा केला, तिथे खोदीव काम. दोन्हीकडे पाच-पाच मिनिटं उभं राहिलं की बाप-लेकाच्या कामातला फरक कुणी सांगावा लागत नाही.

पाथेय

वाचनखूण साठवली. एक प्रश्न आहे. फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन ग्रुपबरोबर जायचं ठरतंय. बाबा ७४, गुडघेदुखी आहे, सपाटीवर चालतात पण जिने त्रास देतात. आई ठणठणीत. कुठे अडेल?

शिडी

पाथेय, ठिकाणवार लिहितो.

सगळ्यात पहिली अडचण देवळात नाही, जहाजातून उतरण्यात आहे. लक्सर आणि आस्वानला धक्क्यावर जागा कमी, म्हणून चार-पाच जहाजं एकमेकांना खेटून लागतात. तुमचं जहाज बाहेरचं असेल तर काठावर जायला बाकीच्या जहाजांच्या लॉबीतून जावं लागतं. दोन जहाजांच्या मधल्या फळीला दर वेळी उंचवटा असतो. त्यानंतर काठावर चढायला दगडी पायऱ्या, आणि नदीची पातळी खाली असेल तर त्या वाढतात. बाबांना एका हाताला कठडा आणि दुसऱ्या हाताला माणूस लागेल. काठी घेतलीत तर घडीची घ्या.

एडफू आत जवळजवळ सपाट आहे. टांग्यात चढायची पायरी मात्र उंच आणि डगमगती असते. तिथे टुकटुक किंवा टॅक्सी मिळते, लीडरला आदल्या दिवशी सांगून ठेवा.

कोम ओम्बोला जहाज देवळाच्या जवळच लागतं, पण देऊळ उंचवट्यावर आहे, थोडा चढ आणि पायऱ्या आहेत. एस्ना उलटं. तिथलं देऊळ आजच्या रस्त्यापेक्षा सुमारे ९ मीटर खाली आहे, खड्ड्यात उतरल्यासारखा जिना उतरावा लागतो आणि परत चढावा लागतो. वरच्या कठड्यावरून दर्शनी बाजू दिसते.

फिले हे आस्वानजवळचं बेटावरचं देऊळ, तिथे शेल्लालच्या धक्क्यावरून मोटरबोटीने बेटावर जायचं असतं. बोटीत उतरताना तोल जातो, तिथे नावाड्याचा हात धरायला संकोच करू नका. बेटावर चाल बेताची.

राजांच्या दरीत नेहमीच्या तिकिटात तीन थडगी बघता येतात. बाबांसाठी रामसेस चौथा (केव्ही २; केव्ही म्हणजे किंग्ज व्हॅली, पुढे थडग्याचा क्रमांक) घ्या. सरळ, रुंद, हलका उतार, आणि रंग उत्तम. थुतमोस तिसरा (केव्ही ३४) टाळा, तिथे आधी उंच लोखंडी जिना चढून मग खाली खोल उतरायचं असतं. मेर्नेप्ताहचा (केव्ही ८) उतारही तीव्र आहे. उतरताना कळत नाही, परत चढताना गुडघे बोलतात. तुतनखामुन (केव्ही ६२) लहान आणि सोपं आहे, त्याचं तिकीट वेगळं. रामसेस पाचवा-सहावा (केव्ही ९) आणि सेती पहिला (केव्ही १७) यांचंही वेगळं. केव्ही ९ चा उतार झेपेल, छतावरची आकाशदेवी नूत त्या पैशांची भरपाई करते. केव्ही १७ खोल आहे, ते आईंसाठी ठेवा.

अबू सिम्बेल रस्त्याने आस्वानपासून सुमारे २८० किमी. पहाटे ४ ला निघून जायला साडेतीन तास, तिथे दोन तास, परत साडेतीन. गुडघ्यांना चालण्यापेक्षा बसमध्ये पाय मुडपून बसणंच जड जातं. आस्वानहून विमान पाऊण तासाचं आहे. बजेटमध्ये बसत असेल तर बाबांसाठी तेच करा.

पाथेय

मनापासून धन्यवाद शिडी. जहाजातून जहाजात जायचं हे कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं.

काठावरचा

खोल्यांचा मुद्दा त्याला जोडूनच येतो. जहाजं खेटून लागली की तुमच्या खिडकीसमोर दुसऱ्याची खिडकी, हातभर अंतरावर. पडदे लावूनच बसावं लागतं, आणि शेजारच्या जहाजाच्या जनरेटरचा धूरही येतो. ही अडचण डाव्या-उजव्या बाजूच्या खोलीने सुटत नाही, कारण कुठल्या बाजूला कोण लागेल ते त्या रात्रीच ठरतं. निवडता येतं ते एवढंच की सगळ्यात खालचा मजला नको, तिथे खिडकी पाण्याच्या पातळीला येते. सगळ्यात मागची खोली नको, इंजिनाची धडधड असते. डेकच्या अगदी खालची नको, रात्री वर खुर्च्या सरकवण्याचा आवाज येतो. मधल्या मजल्यावर पुढच्या अर्ध्यात मागा.

एस्नाच्या बंधाऱ्याबद्दलही. तिथे नदीची पातळी वर-खाली आहे, म्हणून जलपाश आहे. दोन जहाजं एकामागे एक आत घेतात, दारं बंद करून पाणी भरतात किंवा सोडतात आणि पुढचं दार उघडतात. खरा वेळ जातो तो रांगेत. हंगामात मध्यरात्री नंबर लागू शकतो, आणि त्यानुसार एडफूची वेळ मागे-पुढे होते. जलपाश देखभालीसाठी बंद असेल तर जहाज तिथेच थांबतं आणि पुढचा प्रवास बसने करवतात. बुकिंग करताना त्या तारखांना तो चालू आहे ना, हे लेखी विचारा.

रांगेत असताना छोट्या होड्यांतून विक्रेते चादरी, झगे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून थेट डेकवर फेकतात. नको असेल तर पिशवी न उघडता परत टाका. हवं असेल तर आधी खाली उभ्या माणसाशी भाव ठरवा, मग पैसे त्याच पिशवीत घालून खाली सोडा. नेम चुकला तर पैसे नाईलमध्ये, तेव्हा पिशवीला गाठ मारा.

उपवास_नाही

जेवणाचं थोडक्यात, कारण इथे येणारे अर्धे प्रश्न तेच असतात. बुफेत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. फूल म्हणजे शिजवलेल्या बाकल्याची उसळ, तामेय्या म्हणजे बाकल्याचेच वडे, ताहिनी, गरम ऐश (पोळीसारखी फुगणारी भाकरी), भात, भाज्या. कोशरी बाहेर मिळते: भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, टोमॅटोचं आंबट सार आणि वर कुरकुरीत कांदा.

गोची दोन ठिकाणी. मुलूखिया ही हिरवी पातळ भाजी दिसायला आपल्या पालेभाजीसारखी, पण बहुतेक वेळा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. सूपचंही तेच. 'मांस नाही ना' असं विचारलं तर 'नाही' हे उत्तर खरंच असतं, कारण तुकडे नसतात. 'कशाच्या पाण्यात शिजवलंय' असं विचारा.

नळाचं पाणी दात घासायलाही नको. कापलेली कोशिंबीर पहिले दोन दिवस टाळा, पोट बिघडलं तर अबू सिम्बेलची बस आणि तुम्ही यांचं जमणार नाही.

दगडफूल

एडफूच्या त्या ४० मिनिटांत काय बघायचं हे राहिलं होतं.

पाया इ.स.पू. २३७ मध्ये ग्रीक घराण्यातला राजा टॉलेमी तिसरा याच्या काळात घातला गेला आणि काम संपलं इ.स.पू. ५७ मध्ये. १८० वर्षं. म्हणजे कार्नाकच्या मंडपापेक्षा हे हजार वर्षांनी नवं आहे. एडफू, कोम ओम्बो, फिले, एस्ना ही चारही ग्रीक-रोमन राजवटीतली आहेत. गाईड 'फेरोंच्या काळातलं' म्हणून मोकळे होतात, आणि मग तीन हजार वर्षं एका ढिगात जातात. गाभाऱ्यातलं अखंड ग्रॅनाइटचं देवघर मात्र देवळाहून जुनं, शेवटच्या इजिप्शियन राजांपैकी नेक्तानेबो दुसरा याचं. नवं देऊळ बांधताना ते ठेवून घेतलं.

गाभाऱ्यातून बाहेर आलात की मंडप आणि बाहेरची तटाची भिंत यांच्यामध्ये एक अरुंद बोळ आहे. त्यातल्या पश्चिमेच्या बाजूला जा. तटाच्या आतल्या अंगावर होरस आणि सेत यांच्या लढाईची चित्रमाला आहे. होरस नावेत उभा, हातात लांब भाला, आणि भाल्याच्या टोकाशी पाणघोडा. हा पाणघोडा म्हणजे सेत, होरसच्या बापाचा मारेकरी. तो इतका लहान कोरलाय की शोधावा लागतो. कोरलेली आकृती जिवंत होऊ शकते अशी श्रद्धा होती, म्हणून शत्रू मुद्दाम चिमुकला ठेवला, अंगात भाले रुतलेला. नावेच्या टोकाशी होरसची आई आयसिस हिच्या हातातही दोरी आहे. हे सगळं दर वर्षी उत्सवात करून दाखवत, आणि शेवटी पिठाचा पाणघोडा कापून वाटत. तो कापण्याचा प्रसंगही मालिकेच्या शेवटी कोरलेला आहे.

या बोळात सकाळी लवकर किंवा दुपारनंतर तिरपं ऊन असतं तेव्हाच कोरीवकाम उठतं. डोक्यावर सूर्य आला की भिंत सपाट दिसते आणि मोबाईलच्या फोटोत काहीच येत नाही.

आतल्या मंडपातून डावीकडे एक लहानशी खोली आहे, तिच्या भिंतींवर धूप आणि उटण्यांचे पाठ लिहिलेत, कोणता जिन्नस किती, किती दिवस मुरवायचा, असे. अंधार असतो. छोटी विजेरी जवळ ठेवा. फ्लॅश कुठेच चालत नाही.

विजेरी

विजेरीचा उल्लेख आला म्हणून एक सुचवतो. मोबाईलची विजेरी समोरून मारली तर काही दिसत नाही. भिंतीला जवळजवळ चिकटून, बाजूने मारायची. मग बोटांची नखंसुद्धा उठतात. फक्त जिथे रंग शिल्लक आहेत तिथे आणि थडग्यांमध्ये हे करू नये, पहारेकरी रागावतात आणि बरोबरच आहे ते.

लहान दुर्बीणही न्या. एस्नाची छतं साफ झाल्यापासून तिची गरज जास्त आहे. तिथे शतकानुशतकांची काजळी, पक्ष्यांची घाण आणि धूळ बसली होती. इजिप्शियन आणि जर्मन तज्ज्ञांनी २०१८ पासून ती हळूहळू काढली, आणि खाली मूळ रंग तसेच निघाले. छतावर राशिचक्र आहे, मेष-वृषभ आपल्याला ओळखू येतात. २४ खांब आहेत, त्यांचे माथे एकसारखे नाहीत. पुष्कळ ग्रुप एस्नाला फक्त जलपाशासाठी थांबतात आणि देऊळ कार्यक्रमात नसतं. जहाज रांगेत असेल तर लीडरला विचारून जाता येतं, धक्क्यापासून पायी थोड्या अंतरावर आहे.

शिडी

विजेरी, एक सावधगिरी. रांगेतल्या जहाजातून परस्पर उतरू नका. नंबर आला की जहाज थांबत नाही. लीडर आणि रिसेप्शन दोघांनाही सांगून, परतायची वेळ ठरवूनच जा.

अधोरेखित

कोम ओम्बोबद्दल एक गैरसमज दुरुस्त करायला हवा. मागच्या तटाच्या भिंतीवर चाकू, चिमटे, कात्र्या, तराजू, कुप्या अशी मांडणी कोरली आहे. प्रत्येक गाईड सांगतो, 'ही जगातली पहिली शस्त्रक्रियेची हत्यारं'. पहिली नक्कीच नव्हेत, भिंत रोमन काळातली आहे. आणि ही वैद्याची हत्यारं की पूजाविधीची, यावर अभ्यासकांत एकमत नाही. शेजारीच प्रसूतीच्या आसनावर बसलेल्या बायका कोरल्यात, त्यामुळे वैद्यकाचा अर्थ अगदी टाकाऊही नाही. बघा जरूर, पण 'पहिली' हा शब्द सोडून द्या.

बाकी हे देऊळ जुळं आहे. पायलॉनपासून गाभाऱ्यापर्यंत सगळ्या दारांच्या जोड्या. आत जाताना उजवीकडचा अर्धा भाग मगरमुखी सोबेकचा, डावीकडचा थोरल्या होरसचा. शेवटी दोन गाभारे शेजारी शेजारी, आणि त्यांच्यामध्ये पुजाऱ्यांसाठी अरुंद चोरवाट. भिंती पडल्यामुळे ती आता उघडी दिसते. इतर देवळांत जे झाकलेलं आहे ते इथे पडझडीने दाखवलंय. मगरींच्या ममींचं संग्रहालय बाहेर पडायच्या वाटेवर आहे, २०१२ पासूनचं, त्याला वीस मिनिटं ठेवा.

बहुतेक जहाजं इथे संध्याकाळी लागतात. अंधार पडला म्हणून हळहळू नका. दिवे भिंतीच्या पायथ्याशी आहेत, खालून येणाऱ्या उजेडात खोदीव काम दुपारपेक्षा कितीतरी चांगलं वाचता येतं.

पाथेय

चित्रलिपीतलं काहीतरी एक स्वतःला वाचता येईल असं सांगाल का? मुलीला दाखवायचं आहे, ती अकरा वर्षांची आहे, तीही येतेय.

दगडफूल

पाथेय, मुलीला टॉलेमीचं नाव शिकवा, ते एडफू, कोम ओम्बो, फिले तिन्हीकडे शेकड्यांनी सापडेल.

राजाचं नाव लांबट दोरीच्या वेढ्यात लिहितात, त्याला कार्तूश म्हणतात. आत क्रमाने बघायचं: छोटा चौकोन म्हणजे प. त्याच्याजवळ अर्धगोल, पावाच्या अर्ध्या लादीसारखा, तो त. दोरीचा फास म्हणजे ओ. बसलेला सिंह म्हणजे ल. त्यानंतर म चं चिन्ह, लांबट आणि एका टोकाला मोडलेलं. दोन उभी बोरूची पानं म्हणजे ई. शेवटी घडी घातलेलं कापड, उलट्या काठीसारखं, तो स. झालं 'प्तोल्मीस'. पुढे बहुधा 'सदा जिवंत' वगैरे बिरुदं जोडलेली असतात, त्यामुळे कार्तूश लांब दिसेल. तिने सिंह आणि चौकोन शोधला तरी पुरे.

वाचायची दिशा प्राण्यांच्या तोंडावरून ठरते. सिंह ज्या बाजूला बघतोय तिकडून सुरुवात करायची.

फ्रेंच अभ्यासक शाम्पोलियाँने १८२२ मध्ये लिपी उलगडली तेव्हा हेच नाव आणि क्लिओपात्राचं नाव समोरासमोर ठेवलं होतं. प, ओ, ल दोन्हींत येतात. क्लिओपात्राचं नाव त्याला मिळालं ते फिलेच्या एका ओबेलिस्कच्या (उंच, टोकदार दगडी स्तंभ) लेखावरून. तो ओबेलिस्क आता इंग्लंडात, डॉर्सेटमधल्या किंग्स्टन लेसीच्या बागेत उभा आहे.

अधोरेखित

फिलेला आणखी एक गोष्ट मुलीला दाखवा. मुख्य देवळाच्या पश्चिमेला, पाण्याच्या बाजूला रोमन सम्राट हेड्रियनचा दरवाजा आहे. तिथे तारीख ठाऊक असलेला शेवटचा चित्रलिपी लेख आहे, २४ ऑगस्ट ३९४ चा. सुबक नाही, भिंतीवर घाईने ओरखडल्यासारखा आहे. त्याच्यानंतर ही लिपी लिहिली गेल्याचा पुरावा नाही. ग्रुप सगळा पायलॉन आणि ट्रेजनच्या मंडपापाशी असतो, इथे शांतता असते.

आणि हे देऊळ मूळ जागी नाही हेही सांगा. १९०२ चं आस्वानचं पहिलं धरण झाल्यावर वर्षातले बरेच महिने ते पाण्यात बुडायचं, रंग त्यातच गेले. १९७० च्या दशकात युनेस्कोच्या मोहिमेत देऊळ दगडन् दगड सोडवून शेजारच्या अगिल्किया बेटावर उभारलं आणि १९८० मध्ये पुन्हा खुलं झालं. आस्वानच्या दिवशी उंच धरण, अपुरा ओबेलिस्क आणि फिले असे तीन थांबे असतात. धरणावर वरून रस्ता आणि पाणी दिसतं, बाकी काही नाही. ग्रुपचं एकमत असेल तर तो थांबा वगळून फिलेला तो वेळ द्या. अपुरा ओबेलिस्क मात्र सोडू नका. जवळजवळ ४२ मीटर लांब, तडा गेल्यामुळे खाणीतच राहिला. काठावरून वाकून बघितलं की बाजूच्या चरात वाटोळे खळगे ओळीने दिसतात, कठीण काळ्या दगडांच्या गोट्यांनी ठेचून ठेचून पाडलेले. लोखंड नाही, सुरुंग नाही.

काठावरचा

पैशाचं आणि कागदाचं. टूरमध्ये ठरलेली तिकिटं धरलेली असतात, पण सेती, केव्ही ९ यांसारखी जादा तिकिटं तुम्हाला काढावी लागतात, आणि बहुतेक मोठ्या ठिकाणी खिडकीवर आता रोख घेत नाहीत, कार्डच लागतं. व्हिसा किंवा मास्टरकार्ड न्या आणि निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करा. आपल्याकडे नव्या कार्डांवर ते बंदच असतात. खिडकीसमोर उभं राहून ओटीपीसाठी रेंज शोधत बसण्यात ग्रुपचा वेळ जातो.

रोख मात्र सुट्टी ठेवा, ५, १०, २० पौंडांची. स्वच्छतागृह, टांगेवाला, सामान उचलणारा. देवळातले पहारेकरी 'या, या' करून दोरीपलीकडे नेतात आणि मग हात पुढे करतात. दोरीपलीकडे जायचंच नाही, म्हणजे प्रश्न मिटला. जहाजावरच्या बक्षिसाची एकत्र पेटी असते, लीडर ती गोळा करतो का हे आधी विचारा, नाहीतर दोनदा दिलं जातं.

प्लग दोन गोल पिनांचा. आपला मोबाईलचा बारीक दोन पिनांचा चार्जर चालतो, तीन पिनांचा चालत नाही.

विजेरी

अबू सिम्बेल आणि राजांची दरी दोन्हीकडे गाईडला आत बोलायची परवानगी नाही. बाहेर फलकासमोर सांगतात, मग आत एकट्याने जायचं. तेव्हा कागदावर चार ओळी लिहून न्या. अबू सिम्बेलच्या मोठ्या देवळात उजव्या, म्हणजे उत्तरेच्या भिंतीवर कादेशची, म्हणजे रामसेसची हित्तींशी झालेली, लढाई आहे. शेवटी चार बसलेले देव, डावीकडून प्ताह, आमून, खुद्द रामसेस, रा-होराख्ती. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला उगवतं ऊन आत पोचतं, पण प्ताह अंधारातच राहतो, तो पाताळाशी जोडलेला देव. पाथेय, फेब्रुवारीत जाताय म्हणून सांगतो, २२ तारखेला तिथे मुंगी शिरायला जागा नसते. बाबा बरोबर असताना तो दिवस टाळा.

पाथेय

टाळते. १२ ला निघायचं चाललं होतं, ४ रात्रींची फेरी असेल तर अबू सिम्बेल आधीच होऊन जाईल.

दगडफूल

शेवटी लक्सरच्या देवळाबद्दल, कारण ते ग्रुपला बहुतेक रात्री, जेवणाआधी पाऊण तासात दाखवतात. दारातला एकच ओबेलिस्क (जोडीदार पॅरिसला, १८३६ पासून चौकात उभा), रामसेसचे पुतळे, वर बसलेली अबू हग्गागची मशीद, एवढं होईतो वेळ संपतो. त्याच्या पुढे उंच खांबांची दुहेरी रांग लागते. तिच्या दोन्ही बाजूंच्या बुटक्या भिंती बघायच्या आहेत. तुतनखामुनच्या काळात कोरलेला ओपेतचा उत्सव आहे तिथे.

दर वर्षी नदीला पूर आला की आमून कार्नाकहून लक्सरला यायचा. देवाची मूर्ती झाकलेल्या नावेत, आणि ती नाव दांड्यांवर, मुंडण केलेल्या पुजाऱ्यांच्या खांद्यावर. पालखीच. पश्चिमेच्या भिंतीवर येणं, पूर्वेच्या भिंतीवर परतणं. पुढे सैनिक, ढोलवाले, मागे कमान टाकून उलट्या वाकलेल्या नाचणाऱ्या मुली, नैवेद्याचे धष्टपुष्ट बैल, नाव ओढणारे काठावरचे लोक. खालून लावलेल्या दिव्यांमुळे हे रात्री दिवसापेक्षा स्पष्ट दिसतं. कार्नाक ते लक्सर सुमारे २.७ किमीचा स्फिंक्सचा रस्ता २०२१ च्या नोव्हेंबरपासून पुन्हा खुला आहे. त्याची सुरुवात देवळाच्या दारातूनच दिसते.

पाथेय, बाबांना त्या भिंतीपाशी खाली बसता येईल असा खांबाचा दगडी पाया आहे. त्यांना तिथे बसवा आणि मुलीला पश्चिमेच्या भिंतीवर नाव खांद्यावर घेतलेले पुजारी मोजायला सांगा.

पाथेय

सांगते. सगळ्यांच्या प्रतिसादांची प्रिंट काढून लीडरला आधीच पाठवते, गाईडचं बोलणं लाउंजमध्ये करण्याची विनंती त्यातच घालते.